लावलेल्या झाडाला पाणी कोण घालणार?

छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली दरवाज्यातून बाहेर पडून जळगावच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात हर्सूल येते. मध्यवर्ती कारागृह, शहराला पाणी पुरवणारा हर्सूलचा तलाव, आणि नवरात्रात जिथे पाय ठेवायला जागा नसते ते हरसिद्धी मातेचे देऊळ, अशा हर्सूलच्या तीन खुणा. पूर्वी हे स्वतंत्र गाव होते. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. पुढे सावंगीला गेले की समृद्धी महामार्गावर चढता येते. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, तेव्हापासून या बाजूच्या जमिनीचे भाव आणि लोकांच्या आशा दोन्ही वर चढल्या आहेत.

या रस्त्यावर चहाला थांबले की एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "टोयोटा येतेय म्हणं. आमच्या पोराचं काही जमंल का हो तिथं?"

प्रश्न खोटा नाही. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने राज्य सरकारशी सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या कारखान्यासाठी सामंजस्य करार केला. शेंद्रा आणि बिडकीन इथे 'ऑरिक' नावाची मोठी औद्योगिक वसाहत उभी राहत आहे. बापाने मुलासाठी विचारू नये तर काय करावे? पण मला नेहमी एक गोष्ट खटकते. विचारणारा ज्या बाकड्यावर बसलेला असतो त्याच्या डाव्या हाताला ट्रॉलीचे काम करणारे वेल्डिंगचे दुकान असते, उजव्या हाताला पिठाची आणि मिरची-मसाल्याची चक्की असते. दोन्ही दुकाने पंधरा-वीस वर्षे चाललेली. प्रत्येकात दोन-तीन माणसे पोट भरतात. त्या दुकानात अजून दोन माणसे कशी लागतील, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

आमच्या घरचीच गोष्ट

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही. आमच्या थोरल्या बंधूंचे असेच एक दुकान आहे. कोळपी, वखराच्या पासा, तिफणीची दुरुस्ती, ट्रॉलीचे गज बदलणे, लोखंडी दारे-खिडक्या, असे सगळे काम. पावसाळ्याआधी दोन महिने मान वर करायला सवड नसते आणि दिवाळीनंतर माशा मारायची वेळ येते. शेतीच्या अवजारांच्या धंद्याला शेतीसारखाच हंगाम असतो.

२०११ साली दादांना एका कारखानदाराकडून लोखंडी ब्रॅकेटचे काम मिळाले. वर्षभर पुरेल असे काम! दादांनी पतसंस्थेचे कर्ज काढून जुना प्रेस घेतला, दोन पोरे कामाला ठेवली. माल वेळेवर जाऊ लागला. पहिले बिल तीन महिन्यांनी निघाले. दुसरे सहा महिने झाले तरी निघेना. फोन केला की "साहेब बाहेर गेलेत." इकडे लोखंडवाला रोख मागतो, पतसंस्थेचा हप्ता थांबत नाही, पोरांचा पगार शनिवारी द्यावाच लागतो. वहिनींच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. सातव्या महिन्यात दादांनी हात जोडले आणि ते काम सोडून दिले. पैसे तुटक तुटक मिळाले, काही बुडाले. प्रेस मिळेल त्या किमतीला विकला. दोन्ही पोरे शहरात हमालीला गेली.

पुढे दोन वर्षांनी लघुउद्योजकांच्या एका शिबिरात दादा सहज म्हणून गेले, आणि तिथे त्यांना कळले की अशा थकलेल्या पैशांसाठी २००६ सालापासून कायदा आहे. घरी येऊन त्यांनी ते सांगितले. वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्या इतकेच म्हणाल्या, "कायदा होता, मंग आपल्याला कुणी सांगितलं का न्हाई?"

वहिनींचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. चालू असलेल्या दुकानात जाऊन, 'बाबा, तुझे काय अडले आहे?' असे विचारणे हे नेमके कोणाचे काम आहे?

संस्था काही कमी नाहीत

तशा संस्था पुष्कळ आहेत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपण ज्याला एमआयडीसी म्हणतो ते, १९६२ सालचे. मागासलेल्या भागांकडे खास लक्ष द्यावे म्हणून १९६७ साली मराठवाडा विकास महामंडळ निघाले. १९७८ साली देशभर जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली. लहान उद्योगाला जमिनीपासून कर्जापर्यंत सगळे एका छपराखाली मिळावे हा त्यांचा हेतू. १९८८ साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले, त्याचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. १९९४ पासून मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळही होते. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

मराठवाडा विकास महामंडळाचा अनुभव सांगण्यासारखा आहे. महामंडळाने अंगाखाली स्वतःच्या कंपन्या काढल्या. किनवटला कौलांची, तर कपडे शिवण्यासाठी गोदावरी गारमेंट्स. हेतू चांगला होता, किनवटकडच्या माणसाला किनवटमध्येच काम मिळावे. पण सरकारने दुकान काढून चालवणे आणि चालणाऱ्या दुकानाला हात देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या कंपन्या पुढे बंद पडलेल्या सरकारी कंपन्यांच्या यादीत जाऊन बसल्या. ज्याचे स्वतःचे घर त्या धंद्यावर अवलंबून नाही त्याला मंदीत धंदा तगवता येत नाही, असे मला वाटते.

मोठ्या वडाखालची झाडे

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. पुष्कळांना वाटते, कारखाना आला आणि भरभराट झाली. खरी हकीकत थोडी वेगळी आहे. स्कूटर किंवा मोटारसायकलचे सगळे भाग काही एकच कारखाना करत नाही. कोणी पत्रा दाबून देतो, कोणी नळी वाकवून देतो, कोणी रंग देतो, कोणी रबराचा तुकडा बनवतो. हे काम घेणारी लहान-मोठी वर्कशॉपे भोवती वाढली म्हणून शहर वाढले. ती वाढली नसती तर तेच भाग ट्रकने पुण्याहून आले असते आणि आपल्या वाट्याला फाटकावरची पहारेकऱ्याची नोकरी आली असती.

लहान वर्कशॉपला असे काम पेलायचे तर अडचण येते ती साच्यांची आणि तपासणीची. भागाचा साचा अचूक हवा, आणि तयार माल केसाइतकाही चुकता कामा नये. तसा साचा बनवण्याची यंत्रे एकट्या-दुकट्याला परवडत नाहीत. म्हणून चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे. केंद्र सरकारची ही संस्था जर्मनीच्या सहकार्याने उभी राहिली. तिथे साचे करून मिळतात आणि आपल्या मुलांना साचे बनवायला शिकवतातही. तिथून शिकलेल्या मुलाला कामासाठी वणवण फिरावे लागत नाही, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

नंतर इथल्या उद्योजकांनी पुढाकार घेऊन मराठवाडा ऑटो क्लस्टर उभे केले. क्लस्टर म्हणजे समूह. केंद्राने २००३ साली औद्योगिक पायाभूत सुविधांसाठी एक योजना काढली होती, तिच्यातून मोठा वाटा अनुदान म्हणून आला आणि बाकीचा उद्योजकांनी आपसात घातला. तपासणीची प्रयोगशाळा, नमुना-भाग चटकन बनवून देणारी यंत्रे, मापे तपासून देण्याची सोय, असे सगळे एका ठिकाणी. ज्याला गरज पडेल त्याने जावे, भाडे द्यावे, काम करून आणावे.

शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही. गावात मळणी यंत्र एकाचे असते आणि मळणी साऱ्या शिवाराची होते. दहा एकरवाल्याने स्वतःचे यंत्र घेतले तर ते वर्षातले अकरा महिने गोठ्यात गंजते. सामायिक सुविधा केंद्राचे तत्त्व हेच.

आणि एकत्र येण्याचा आणखी एक किस्सा याच शहराने घडवला. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या काही व्यापारी-उद्योजकांनी मिळून एका दमात दीडशे मर्सिडीज मोटारी विकत घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. देशभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी गाजली. त्या वेळी मला ते थाटाचे प्रदर्शन वाटले होते, आणि ते काही अंशी होतेही. पण आतली गोम अशी की इतक्या गाड्या एकदम घेतल्यामुळे कंपनीने सवलत दिली आणि बँकेने व्याज कमी केले. मोटारी त्यांना लखलाभ. दीडशे माणसे एका मागणीपत्रावर सह्या करू शकतात हे त्यातले घेण्यासारखे आहे. खतासाठी, लोखंडासाठी, पॅकिंगच्या पिशव्यांसाठी आपल्याला हे का जमू नये?

शहरातील उद्योजकांच्या दोन जुन्या संघटनांची नावे पाहा. एक चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड अॅग्रिकल्चर, म्हणजे सीएमआयए. दुसरी मराठवाडा असोसिएशन ऑफ स्मॉल स्केल इंडस्ट्रीज अँड अॅग्रिकल्चर, म्हणजे मसिआ. दोन्ही नावांत शेती आहे! स्थापन करणाऱ्यांना ठाऊक होते की मराठवाड्यात कारखाना आणि शेत यांचे बांध एकमेकांना लागून आहेत. शेतकऱ्याच्या मुलाची दालमिल असेल तर तिच्यासाठी या दारात जायला त्याने संकोच करण्याचे कारण नाही.

शिकार की बाग

दूरदेशीची एक हकीकत इथे सांगतो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात लिटलटन नावाचे एक लहान शहर आहे. तिथल्या क्षेपणास्त्रे बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने हजारो माणसे कमी केली. गाव हबकले. दुसरी मोठी कंपनी आणा म्हणून धावाधाव करायची की काय? नगरपालिकेने १९८७ साली ठरवले, ती शिकार पुरे. गावात जे धंदे आहेत त्यांचीच बाग करू. 'आर्थिक बागकाम' असेच नाव त्या कामाला पडले. पालिकेने आपली माणसे धंदेवाल्यांकडे पाठवली. तुमचा माल कोण घेतो, कोण घेऊ शकेल, तुमच्यासारखा माल आणखी कुठे निघतो, कोणती माहिती हवी, हे विचारून ती शोधून द्यायची. पैसा फारसा वाटला नाही, माहिती वाटली. पुढच्या वीस वर्षांत तिथल्या नोकऱ्या दुपटीच्या वर गेल्या.

सगळे श्रेय बागकामाला देता येणार नाही. लिटलटन हे डेन्व्हर या वाढत्या महानगराला लागून आहे, त्याचाही हात असणार. पण हर्सूलही वाढत्या शहराला लागूनच आहे की!

आपल्याकडच्या योजना मात्र अजून बहुतेक नव्या रोपांच्या आहेत. २००८ पासून पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम चालला. त्यात अनुदान नव्या उद्योगाला. २०१९ साली राज्याने मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम काढला, तोही नव्या उद्योगासाठी. आधीपासून चालू असलेले दुकान त्यात बसत नाही. केंद्राच्या योजनेत नंतर चांगल्या चाललेल्या जुन्या लाभार्थ्याला वाढीसाठी दुसरे कर्ज देण्याची सोय झाली, पण ती आधी त्याच योजनेतून किंवा मुद्रा कर्जातून उभा राहिलेल्याला. ज्या बिचाऱ्याने बायकोचे डोरले मोडून, कोणाचे अनुदान न घेता धंदा उभा केला, तो दोन्हीकडून बाहेर.

याचा परिणाम काय होतो? बापाचे चालते दुकान असताना मुलगा त्याच दुकानाच्या शेजारी, आईच्या नावावर, 'नवा' उद्योग दाखवतो. कागद खोटा होतो, बँकेचा अधिकारी ते ओळखतो, प्रकरण अडकते. वर्षअखेरीला किती नवी रोपे लावली याचा आकडा वर जातो. किती जगली आणि किती वाढली याचा आकडा कोणी मागत नाही. वनमहोत्सवाच्या खड्ड्यांची आठवण येते ती उगीच नाही.

जुन्या धंद्यासाठी काय आहे

तरीही हात हलवत बसण्यासारखी स्थिती नाही. जुन्या लहान उद्योगाला धरून असलेल्या ज्या गोष्टी मला पक्क्या ठाऊक आहेत तेवढ्या सांगतो.

खाण्याच्या पदार्थांचे लहान उद्योग घरोघर आहेत. दालमिल, मसाला, पापड-कुरडया-शेवया, गूळ, लोणचे. २०२० साली केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना काढली. तिचे वैशिष्ट्य असे की तिची आखणीच मुळी चालू असलेल्या लहान उद्योगांसाठी झाली, नव्यांना ती नंतर खुली झाली. खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख रुपये. स्वतःचे किमान १० टक्के.

हिशेब करून पाहू. समजा, तुमची छोटी दालमिल आहे आणि पॉलिशचे, प्रतवारीचे व पॅकिंगचे यंत्र घ्यायला ८ लाख रुपये लागतात. तुमचे ८० हजार. बँक देणार ७ लाख २० हजार. अनुदान २ लाख ८० हजार. हे अनुदान तुमच्या हातात पडत नाही. ते बँकेत तुमच्या नावाने वेगळे ठेवले जाते. तीन वर्षे उद्योग चालू राहिला आणि हप्ते नीट गेले तर ते कर्जात वळते होते. म्हणजे खरे फेडायचे मुद्दल ४ लाख ४० हजार. हप्ते मध्येच थकले तर अनुदानावर पाणी पडते, हे घरातल्या सगळ्यांनी, सासूबाईंपासून, आधी समजून घ्यावे. बचत गटाच्या सभासद भगिनींना प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची सोय याच योजनेत ठेवलेली होती. आपल्या राज्यात हे काम कृषी खात्याकडे आले. अर्ज भरून देण्यासाठी जिल्ह्यात साधन व्यक्ती नेमल्या गेल्या आणि त्यांचे मानधन योजनेतूनच दिले गेले, तेव्हा अर्जापायी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. योजना मुळात २०२४-२५ पर्यंत आखलेली होती, पुढे तिला मुदतवाढ मिळाली. म्हणून यंत्राची ऑर्डर देण्याआधी तालुका कृषी कार्यालयात सध्याची स्थिती विचारून घ्या. यंत्र आधी घेऊन मग अनुदान मागायला गेलेल्यांची फजिती होते.

तुरीच्या डाळीबद्दल थोडे अधिक. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीची 'बीडीएन ७११' सारखी वाणे दिली आणि आपल्या भागात ती घरोघर पोचली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान दालमिल तयार केली, 'पीकेव्ही मिनी दाल मिल' या नावाने ती खेड्यांतून बसली. वाण जवळ, यंत्र जवळ, तूर तर आपल्याच खळ्यावर. मग पिशवीवर नाव दुसऱ्या शहराचे का असते? कारण आपण तूर पोत्याने विकतो आणि डाळ किलोने विकत आणतो. जुन्या दालमिलवाल्यांना बहुधा यंत्र कमी पडत नाही. कमी पडते ते प्रतवारी, परवाना, पिशवी आणि नेहमीचे गिऱ्हाईक. विकास संस्थेने इथे उभे राहायला हवे.

गिऱ्हाईक मिळाले की काय होते ते पैठणीने दाखवले. सत्तरीच्या दशकात मोजके विणकर उरले होते. महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाने पैठणला केंद्र काढले, मुलींना माग शिकवला, माल विकण्याची सोय केली. पुढे पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. आज पैठण आणि येवला दोन्हीकडे मागांचा आवाज आहे. त्याच काळात आपल्या शहराच्या हिमरूचे माग मात्र एकेक करून थांबत गेले. कला दोन्हीकडे होती. एकीला नेहमीचा गिऱ्हाईक आणि पाठीशी उभी राहणारी संस्था मिळाली, दुसरीला प्रामुख्याने वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांवर विसंबावे लागले.

तारणाचे म्हणाल तर, लहान उद्योगाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१० साली निघाला. त्यापुढच्या कर्जासाठी पतहमी निधी आहे, तो २००० साली स्थापन झाला. शेत गहाण ठेवण्याआधी बँकेत ही दोन नावे तोंडाने उच्चारून पाहावीत.

थकलेल्या बिलाचा कायदा

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि करार असेल तर त्यातल्या मुदतीत पैसे द्यावेत. ही मुदत कराराने ठरवली तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त असता कामा नये. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सुविधा परिषद असते. तिथे कसा अर्ज करायचा ते जिल्हा उद्योग केंद्रात सांगतात. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आणखी एक पाचर मारली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर, ते प्रत्यक्ष देईपर्यंत, घेणाऱ्याला तो खर्च प्राप्तिकराच्या हिशेबात दाखवता येत नाही. मोठ्या खरेदीदारांचे हिशेबनीस तेव्हापासून जागे झाले आहेत.

यासाठी उद्योगाची नोंदणी हवी. दादांच्या वेळी ती जिल्हा उद्योग केंद्रात होत असे. १ जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी आहे. ती आधार क्रमांकावर होते, सरकारी शुल्क काहीही नाही. माल देण्याआधी नोंदणी झालेली असावी, मागाहून केलेली नोंदणी जुन्या बिलाला उपयोगी पडत नाही. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला या थकबाकीच्या कलमांचा लाभ नाही. तो माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे.

आणि माल पोचल्याची सही! पावतीवर तारखेसह सही नसेल तर पंचेचाळीस दिवस कुठून मोजणार? दादांकडे सातपैकी चार खेपांच्या सह्याच नव्हत्या. "रोजचा माणूस आहे, सही काय मागायची" असे त्यांना वाटे. ही भिडस्त वृत्ती चांगल्या माणसाची खूण आहे हे खरे, पण तिच्यापायी प्रेस गेला.

हर्सूलसारख्या गावाची अडचण

हर्सूलची आणखी एक गंमत आहे. चिकलठाणा आणि शेंदरा पूर्वेला जालन्याच्या रस्त्यावर, वाळूज पश्चिमेच्या बाजूला, बिडकीन पैठणच्या रस्त्यावर. उत्तरेचे हर्सूल कोणत्याच मोठ्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला नाही. पुन्हा शहराच्या हद्दीत आल्यामुळे ज्या योजनांत खेड्यासाठी अनुदानाचा दर जास्त असतो तिथे गणना शहराची, आणि दुकानासमोरचा रस्ता मात्र अजून खेड्याचा. शहराच्या कडेच्या गावांचे असे दोन्हीकडून होते.

मग इथल्या दहा-बारा दुकानदारांनी करायचे काय? वेल्डिंगवाले, अवजारवाले, ट्रॉलीवाले एकत्र आले तर सामायिक केंद्र मागता येते. अशा समूहांसाठी केंद्राची आणि राज्याचीही योजना आहे. पत्रा कापण्याचे आणि वाकवण्याचे एक चांगले यंत्र मध्ये असले तर प्रत्येकाचे काम अर्ध्या वेळात होईल. अडचण पैशाची नंतर, आधी मनाची. शेजारचा आपले गिऱ्हाईक पळवील ही भीती. मसिआच्या किंवा उद्योग केंद्राच्या माणसाने संध्याकाळी येऊन दोन-चार वेळा या मंडळींना एकत्र बसवले, तर निम्मे काम झाले. यासाठी निधी लागत नाही, येणारा माणूस लागतो. उद्योग केंद्राच्या अधिकाऱ्याच्या कामाचे मोजमाप जोवर नव्या प्रकरणांच्या संख्येवर आहे तोवर तो इकडे वळणार नाही, आणि त्यात त्या एकट्याचा दोष नाही. मोजमापच बदलले पाहिजे. जिल्ह्यात चालू असलेले किती उद्योग या वर्षी एका माणसाने तरी वाढले, हा आकडा जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत कोणी लोकप्रतिनिधीने विचारून पाहावा.

दादांनी गेल्या वर्षी उद्यम नोंदणी केली. हिशेबाची वही आता वहिनींकडे आहे. दादांच्या भिडेचे औषध म्हणून ती त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली. प्रत्येक बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक आणि '२००६ च्या कायद्याप्रमाणे ४५ दिवसांत रक्कम द्यावी' अशी ओळ छापून घेतली आहे. पोचपावतीवर सही झाल्याशिवाय टेम्पो हलवायचा नाही असे चालवणाऱ्या पोराला बजावलेले आहे. परवा एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "दादा, हे खाली काय छापलंय?" दादा जरा चाचरले. वहिनींनी फोन हातात घेतला आणि कायदा समजावून सांगितला. अडतिसाव्या दिवशी पैसे आले. पाटल्या अजून सोडवायच्या आहेत, पण आधी वेल्डिंगचे नवे मशीन घ्यायचे असे दोघांचे ठरले आहे. दरपत्रके तीन ठिकाणांहून मागवली आहेत, तिसरे यायचे बाकी आहे.